उजव्या नाकातली नथ

१

सोमवारी सकाळी चित्रातल्या बाईचं नाक गेलेलं होतं.

अब्रूच्या अर्थानं नाक जायला भोरात फारसं काही लागत नाही. एखादी लेक माहेरी चार दिवस जास्त राहिली तरी पुरतं. हे नाक मात्र खरोखरचं गेलं होतं, कुणीतरी खरवडून काढलेलं.

जुन्या अंबारखान्यातल्या चित्रशाळेच्या पुढच्या दालनात ते चित्र लाकडी घोडीवर उभं होतं. डोक्यावरून पदर घेतलेली एक तरुण बाई समोर बघते आहे, एवढंच चित्र. पण ती बघायची अशी, की समोरच्यानं आपली पगडी नीट करावी. मुंबईच्या प्रदर्शनाला शाळेतून एकच चित्र जाणार होतं आणि ते हेच, शाळेचे मुख्य कुंडलिक मास्तर यांचं. मंगळवारी सर्व्हिस मोटारीनं पेटी पुण्याला निघायची होती. त्याआधी, रविवारी, गावातल्या पुरुषांनी सकाळी आणि बायकांनी दुपारी येऊन ते बघून, वाखाणून घेतलं होतं.

आता त्या बाईचे डोळे होते, कपाळ होतं, हनुवटी होती. मधे कापडाचे धागे दिसत होते.

"आनंदराव, बघा हे! बघा!" मास्तरांचा आवाज चिरकला.

आनंदराव दारातच उभे होते. हे संस्थानचे निवृत्त फौजदार. पेन्शनीत गेल्यावर दिवस खायला उठले, तेव्हा मास्तरांनी त्यांच्या मिशा बघून त्यांना शाळेत बसायला बोलावलं. बसायचं म्हणजे नुसतं बसायचं. समोरची पोरं त्यांचं डोकं काढायची. "उभी हयात चोरांना बसवलं, आता पोरांनी यांना बसवलंय," असं त्यांच्या सखूबाई आल्यागेल्याला सांगायच्या.

नुसतं बसलेल्या माणसाला पुष्कळ दिसतं. आनंदराव चित्रापाशी गेले. खरवडलेले पट्टे चांगले तीन-चार बोटं रुंद होते. कडेला काळं लागलेलं होतं. त्यांनी बोट फिरवलं, बोट काळं झालं. चित्रशाळेत कोळशाच्या कांड्या जिथं तिथं पडलेल्या असतात, म्हणून त्यांनी ते धोतराला पुसून टाकलं. ही त्यांची त्या दिवशीची पहिली चूक.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. नथीचा आकडा, मोती, सगळं गेलं होतं. पण ओठाजवळ लोंबणारा एक मोती वाचला होता. तो बाईच्या उजव्या अंगाला होता.

"कुणावर संशय?" त्यांनी विचारलं.

"संशय कसला? कोठडीत आहे ती," मास्तर म्हणाले. "सोजराबाई!"

२

सोजराबाई म्हणजे वेल्ह्याकडच्या डोंगरातली धनगरीण. लोकर आणि लोणी घेऊन खाली यायची, आणि आली की दोन दिवस शाळेच्या ओसरीवर मुक्काम करून पोरांपुढं बसायची. चित्रातली बाई तीच, असं मास्तरांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

कचेरीच्या बाहेर तिचा नवरा बाजी काठी आडवी टाकून बसला होता. आनंदरावांना बघून तो उठला नाही.

"सायेब, एक सांगतो," तो खाली बघतच म्हणाला. "दिवं लागायच्या आत ती भाईर आली तर मी तिला घिऊन जातो. रात कोठडीत काढली तर आमची मानसं तिला वस्तीवर घ्यायची न्हाईत. म्यापन मग काय करनार?"

"तुझा विश्वास नाही तिच्यावर?"

"हाय की. पर वस्ती माझ्या एकल्याची हाय व्हय?"

आत सोजराबाई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. तिच्या डाव्या नाकपुडीला लहानपणी शेळीनं हिसका दिल्याची जुनी फाट होती, ती आनंदरावांनी शाळेत कितीदा पाहिली होती. पाहिली होती, पण तिचा विचार केला नव्हता.

"काल तू सगळ्यांसमोर म्हणालीस म्हणे, की हे तोंड पुसून टाका."

"म्हनले. ते माजं तोंडच न्हाई! म्या बसले ती हातात काठी घिऊन. अन् हितं बघते तर कुनी येगळीच बाई, नथ घालून, अन् खाली म्हनं सोजराबाई. लोकं म्हनत्यात, मास्तरानं हिला नथ दिली. बाजीच्या कानावर गेलं तर? म्हनून म्हनले, पुसा."

"आणि पुसलंस?"

"मला पुसायचंच असतं तर काल दिसाउजेडी पुसलं असतं. भितीय का काय कुनाला?" मग तिनं बोटानं आपली फाटलेली नाकपुडी दाखवली. "अन् सायेब, नथ म्या अडकवू कुठं?"

३

मास्तरांनी खांदे उडवले. "नथ कल्पनेनं काढली."

पण आनंदराव शाळेत इतके दिवस बसले होते आणि कान त्यांना होते. मास्तरांचा एकच मंत्र होता, दिवसातून पाच वेळा पोरांच्या कानीकपाळी ओरडायचा: दिसतं तेच काढा, माहीत आहे ते काढू नका.

त्यांनी चिमाजीला मागच्या चौकात गाठलं. वरव्याचा हा पोरगा शाळेतला सगळ्यात हुशार विद्यार्थी, आणि त्याचं चित्र मुंबईसाठी नापास झालेलं. संशय घ्यायचा तर याच्यावर आधी घ्यायला हवा होता, पण तो शेतकऱ्याचा पोरगा आणि सोजराबाई धनगरीण. सोपं काय ते मास्तरांना कळत होतं.

"फौजदारसाहेब, मी असतो तर नाक नसतं खरवडलं," चिमाजी ब्रश धुता धुता म्हणाला. "सही खरवडली असती."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "मास्तरांना तुम्ही चित्र काढताना पाहिलंय कधी?"

"दुरुस्त करताना पाहिलंय."

"तेच. आमची दुरुस्त करतात. मी एकदा बैल काढला. बैलाला चार पाय असतात, म्हणून चार काढले. मास्तर म्हणाले, तुला तिथून तीनच दिसतायत, चौथा आणलास कुठून? दोन छड्या दिल्या. आणि आता स्वतः न दिसणारी नथ काढतात? तीही उजव्या नाकात? आमच्या वरव्यात म्हसराला वेसण घालतानासुद्धा एवढी चूक कुणी करत नाही."

"कल्पनेनं काढली म्हणतात."

"कल्पनेनं काढणारा डावीकडंच काढेल ना साहेब! आयुष्यभर डावीकडंच बघितलीय." चिमाजीनं ब्रश झटकला. "आणि त्या नथीत लाल खड्याच्या जागी एक हिरवा मणी होता. कल्पना कधी खडा पडलेली नथ आणते का?"

आनंदरावांनी पुढच्या दालनात परत येऊन घोडीकडं पाहिलं. तिच्याखालच्या फळीवर रंग खरवडायच्या बोटभर रुंद, लवचीक सुऱ्या पडल्या होत्या. रोज तिथंच असतात. सकाळी त्यांतल्या एकीलाही ताजा रंग नव्हता.

मग खरवडलं कशानं?

४

दुपारी आनंदराव घरी जेवायला गेले, तेव्हा सखूबाई एकीकडं तव्यावरचं थालीपीठ बघत होत्या आणि एकीकडं शेजारच्या डोहाळजेवणाला जायची तयारी करत होत्या. दोन्ही कामं एकाच स्वयंपाकघरात, एकाच खिडकीपाशी; खिडकीत आरसा टांगलेला.

"सुटली का ती?" त्यांनी नथ घालता घालता विचारलं.

"नाही अजून."

"मग जेवता कशाला? ते थालीपीठ उलथा जरा, माझे हात गुंतलेत."

आनंदराव उलथनं घेऊन तव्यापाशी उभे राहिले. थालीपीठ उलथलं. हात काळे झाले. त्यांनी उलथन्याचं पातं बघितलं. चांगलं तीन-चार बोटं रुंद होतं, आणि कडेला तव्याची काजळी.

ते तसेच उभे राहिले.

"करपवा आता," सखूबाई आरशातूनच म्हणाल्या.

त्यांनी वर बघितलं. आरशात सखूबाईंचं तोंड होतं आणि नथ होती बघणाऱ्या आनंदरावांच्या डाव्या हाताकडं. तेवढ्यात सखूबाई वळल्या, आणि नथ आनंदरावांच्या उजव्या हाताकडं गेली.

"पुन्हा वळ," आनंदराव म्हणाले.

"इश्श! या वयात?"

"सखू, थट्टा नाही. आरशाकडं वळ. आता माझ्याकडं." ते खाली पाटावर बसले. "दिसतं तेच काढलंय तिनं. आरशात दिसतं तसं. ती बाई दुसऱ्या कुणापुढं बसलीच नव्हती. ती स्वतःपुढं बसली होती."

सखूबाईंना अर्धं कळलं, पण उरलेलं अर्धं त्यांच्यापाशी होतं. "काल आम्ही बायका बघायला गेलो ना, तेव्हा सगळ्या त्या नथीचंच बोलत होत्या. मी म्हटलं, अगंबाई, हा हिरवा मणी मी कुठंतरी पाहिलाय. आणि मास्तरांची बायको धोंडाबाई, पहिल्यांदाच शाळेत पाय ठेवला होता बिचारीनं. एरवी नागडे पुतळे आहेत म्हणून फिरकत नाही. ती कुंकूसुद्धा लावून न घेता निघून गेली. मी म्हटलं, ऊन लागलं असेल."

थालीपीठ करपलं. दोघांनाही वास आला नाही.

शाळेत वावरणाऱ्या कुणीही खरवडायला सुरी घेतली असती. चिमाजी घेता, मास्तर घेते. सोजराबाईनंसुद्धा पोरांना कितीदा त्या सुऱ्यांनी रंग काढताना पाहिलेलं. तीन पावलांवर सुरी असताना घरून उलथनं घेऊन कोण येईल? ज्याला रंग कशानं निघतो हेच माहीत नाही तो.

पण आनंदरावांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांना वाटत होतं ते दुसऱ्याच बाईचं. मास्तरांच्या घरात आरशासमोर बसून असं चित्र काढू शकेल अशी एकच होती, पदराआडून पोरांची चित्रं न्याहाळत शाळेचा केर काढणारी त्यांची भाची, आणि तिला नथ घालायची मुभा नव्हती.

५

मास्तरांचं घर शाळेच्या मागंच. धोंडाबाईंनी पाणी आणलं. मास्तर झोपाळ्यावर होते. स्वयंपाकघराच्या दारात त्यांची भाची चंद्रा उभी होती. लग्नानंतर दीड वर्षात कपाळ मोकळं करून मामाच्या आसऱ्याला आलेली. अंगावर काळपट लुगडं, नखांच्या कडांना निळा रंग. भांडी घासणाऱ्या बाईच्या नखांना निळा रंग नसतो.

"वहिनी, तुमचं उलथनं बघू जरा," आनंदराव म्हणाले.

धोंडाबाईंनी त्यांच्याकडं एकदा बघितलं. आत गेल्या. उलथनं आणून समोर ठेवलं. राखेनं घासून घासून ते चांदीसारखं झालं होतं.

"रोजच्या चुलीचं उलथनं इतकं लख्ख? रुखवतात मांडायचंय का?"

"होय, मीच!" धोंडाबाई एकदम म्हणाल्या, आणि पुढचं नवऱ्याकडं बघून. "माझी नथ! माझ्या आईनं दिलेली. खडा पडला तेव्हा नवा घ्या म्हटलं तर मणी बसवून आणलात, म्हणालात कोण बघतंय. आता बघितलं ना सगळ्या गावानं! त्या धनगरणीच्या नाकात! मला सांगायला आल्या बायका, किती शोभते म्हणून."

बायकोच्या नाकात पंचवीस वर्षं लोंबलेला मणी ज्याला ओळखता आला नाही, तो पोरांना दिसतं तेच काढा म्हणून छड्या मारत होता.

मग मास्तरांनी डोळे मिटले आणि हळूच म्हणाले, "चुकलो, धोंडे. मोह पडला. सोजराबाईला नथ मीच घातली."

आनंदरावांनी नोकरीत पुष्कळ कबुल्या ऐकल्या होत्या. पण न केलेलं पाप इतक्या घाईनं कबूल करणारा माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला.

"मास्तर, तिची नाकपुडी फाटलेली आहे. नथ राहणार कशात?"

"मग..." धोंडाबाई थबकल्या. "मग ही कोण?"

आनंदरावांनी आरशाचं सांगितलं. सांगताना त्यांनी दाराकडं बघायचं टाळलं. झोपाळ्याची कडी कुरकुरली आणि थांबली.

"बाई ठेवली म्हणून चित्रकाराला लोक हसतात, आनंदराव," मास्तर शेवटी म्हणाले. "हसतात आणि पुन्हा चित्रं बघायला येतात. माझा काढता हात गेला म्हटल्यावर कोण येतं? शाळा बंद होईल. आणि तिला शिकवलं कुणी? परकरी पोर होती तेव्हापासून मीच. तिचा हात तो माझाच हात."

"चित्र माझं," दारातून आवाज आला. मोठा नव्हता. "तोंडही माझंच."

धोंडाबाई वळल्या. आनंदरावांना वाटलं, आता ही बाई रडेल. आपल्या भाचीचं चित्र आपण दुसरीचं समजून नासवलं, नवऱ्यानं पोरीचं चोरलं. काहीतरी म्हणेल.

"तू नथ घातलीस?" धोंडाबाई म्हणाल्या. "माझ्या कुंकवाची नथ? नवरा खाऊन आलेली तू, माझ्या नथीला नाक लावलंस?"

"मामी, नुसतं बघायचं होतं. कशी दिसले असते ते."

"बघितलंस ना? झालं समाधान?"

चोरी, खोटी तक्रार, कोठडीतली बाई, सगळं त्या खोलीतून निघून गेलं होतं. उरली होती फक्त नथ.

"मी शाळेच्या पंचांना सांगणार आहे," आनंदराव उठले.

"सांगा की," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "चित्र कुणी काढलं हे कुणी विचारायचं नाही. विधवेनं नथ घातली होती का, एवढंच विचारतील. मग तुमच्या घरी ठेवाल तिला? सखूबाई ठेवतील. पण तुमचे जावई काय म्हणतील?"

उठलेले आनंदराव पुन्हा खाली बसले. बाहेर ऊन भिंतीवरून खाली उतरत होतं.

चंद्रा दारातून पुढं आली. "मामा, सोजराबाईंना सोडवा. तक्रार तुमची, तुम्हीच मागं घ्या. आधी कचेरीत जा. मग मी तोंड भरून देते. चित्र उद्या जाईल."

"आणि नाव?"

"नावाचं कुणी बोललंय का?"

"चंद्रा," आनंदराव म्हणाले, "अगं, मी..."

"काका, बाहेर तिचा माणूस बसलाय. दिवे लागायला किती वेळ आहे?"

६

कचेरीत मास्तरांनी सांगितलं की पुन्हा नीट पाहिलं तेव्हा ते उंदरांचं काम दिसलं. नव्या फौजदारानं टाक बुडवला आणि उंदीर असं लिहिलं. आनंदराव शेजारीच उभे होते. उभ्या आयुष्यात त्यांना इतक्या वेळा खरं सापडलं होतं, आणि ते असं खिशात घालून उभं राहायची वेळ आजच आली होती.

सोजराबाई बाहेर आली. पदर झटकला.

"कुनी केलं वो?" तिनं विचारलं.

"उंदरानं."

"लई शिकल्याला दिसतोय उंदीर. डोळं सोडलं, कपाळ सोडलं, नथच तेवढी खाल्ली?"

बाजी हसला. दिवसभरात पहिल्यांदा. "चल, ऊन कलतंय. घाट चढायचाय."

ती दोन पावलं गेली आणि परत आली. "सायेब, ती कोन हाय? चित्रातली?"

आनंदराव मिशांवरून हात फिरवत राहिले.

"तुमास्नी ठावं हाय. न्हाई सांगायचं तर नका सांगू. पर तिला म्हनावं, तुझ्यापायी म्या दिसभर कोंडून बसले. एकदा वर ये वेल्ह्याला. तुझं खरं तोंड तरी बघू दे." मग म्हणाली, "अन् रागानं न्हाई म्हनत म्या. नुसतं बघायचंय."

ती दोघं ओढा ओलांडून दिसेनाशी झाली तेव्हा गावात अजून एकही दिवा लागलेला नव्हता.

पुढं त्या चित्राला मुंबईत बक्षीस लागलं. पदक दरबारात दाखवलं गेलं, शाळेला आणखी पोरं मिळाली, आणि चिमाजीनं शाळा सोडली. सखूबाईंनी नवऱ्याशी बरेच दिवस नीट बोलणं टाकलं. पण हे सगळं मागाहून. त्या संध्याकाळी आनंदराव कचेरीतून परत शाळेकडं वळले. का वळले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढच्या दालनाचं दार लोटलेलं होतं. चंद्रा घोडीसमोर बसली होती. आजवर ती शाळेत आली ती केर काढायला किंवा पोरं गेल्यावर. आज उजेडी, मधोमध, मास्तरांच्या खुर्चीवर. आरसा नव्हता. हात थांबत नव्हता. घाई मात्र कुठंच नव्हती. गाल भरला होता, ओठाजवळचा तो उरलेला मोती बुजवला होता. नाक उमटत होतं, मोकळंच. ते सोजराबाईचं नव्हतं. सकाळी खरवडलं ते पोरसवदा नाकही नव्हतं. त्याच बाईचं होतं, पण दिवसभरात तिचं वय वाढल्यासारखं.

मास्तर तिच्या मागं खिडकीत उभे होते. हात पाठीशी बांधलेले, बोटं चाळवत असलेली. ते पुढं वाकले.

"ओठाच्या कोपऱ्यापाशी जरा..."

"मामा," चंद्रा मागं न बघता म्हणाली, "उजेड अडतोय. सरा."

मास्तर सरले. सरता सरता भिंतीपाशी गेले आणि पोरं उभी राहतात तिथं, गप्प, उभे राहिले.